जयंतीच्या स्टेजवर मिडी कीबोर्ड नेण्याआधी

एप्रिल जवळ आला की परभणी-हिंगोलीकडे भीमगीतांच्या सुपाऱ्या सुरू होतात. पेटीवर हात बसलेली पोरं विचारतात, दादा, लहान मिडी कीबोर्ड घ्यायचाय, कोणता घेऊ? कंपनीचं नाव शेवटी बघू. आधी एक पक्कं करा, की या कीबोर्डात स्वतःचा आवाज नसतो. कोणती पट्टी दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली, एवढाच निरोप तो पाठवतो. आवाज निघतो फोन, आयपॅड नाहीतर लॅपटॉपमधून. म्हणून दुकानात जाताना तुमचा फोन आणि ओटीजी (फोनला यूएसबी वायर जोडायचा छोटा अडॅप्टर) सोबत न्या आणि तिथंच जोडून वाजवून बघा.

पट्ट्या मोजा. पेटीला साधारण साडेतीन सप्तकं असतात, २५ पट्ट्यांत दोनच बसतात. ऑक्टेव्हचं बटण असतं खरं, पण मुखडा खाली आणि मधला पीस वर असला की ऐन गाण्यात हात बटणाकडे धावतो. एका हातानं वाजवणाऱ्याला ३७ पुरतात. डाव्या हाताला स्ट्रिंग्ज आणि उजव्याला बासरी ठेवायची तर ४९ घ्या. ६१ पट्ट्यांचा मीटरभर लांब भरतो, एसटीत तो मांडीवर राहत नाही. पट्टीची रुंदीही बघा. मोठ्या पट्ट्यांचं सप्तक साधारण साडेसोळा सेंटिमीटरचं असतं, मिनीचं त्याहून बरंच आखूड. अकाई कंपनीचा एमपीके मिनी कीबोर्ड पाठीवरच्या पिशवीत मावतो, पण पेटीची बोटं त्यावर अडखळतात.

आता जे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि दुकानदार सहसा सांगत नाही, ते. पेटीत आवाजाचा चढउतार भात्यात असतो, बोटात नसतो. त्यामुळे आपली बोटं कमीजास्त दाबानं पडतात आणि पेटीवर ते कळत नाही. मिडीत प्रत्येक दाबाचा १ ते १२७ मधला आकडा जातो. पियानो किंवा संतूरचा आवाज लावला की एक सूर दणकतो, पुढचा गायब होतो. म्हणून दाबाचा आकडा एकसारखा ठेवायची सोय आहे का, ते तपासा. पेटी-ऑर्गनला तो एकसारखा ठेवा, संतूरला मोकळा सोडा आणि महिनाभर रियाज करा. भाता सुटल्यानं डावा हात रिकामा झालेला असतो. त्याला कीबोर्डवरचं मॉड्युलेशनचं चाक द्या आणि ॲपमध्ये ते एक्स्प्रेशनला, म्हणजे आवाजाच्या चढउताराला जोडा. चाक पुढंमागं होताना गायकाच्या दमासोबत आवाज फुलतो, ओसरतो. मला हे जमलं तेव्हा पेटी परत मिळाल्यासारखं वाटलं. मींडेसाठी पिच बेंड, म्हणजे सूर वर-खाली सरकवायचं चाक, हवाच. बहुतेक ठिकाणी तो दोन अर्धस्वरांवर लावलेला असतो, म्हणजे सा वरून शुद्ध रेपर्यंतच. शुद्ध गंधार गाठायचा तर चारवर न्या.

ट्रान्सपोजचं, म्हणजे गाण्याची पट्टी बदलायचं बटण वरच असावं. गायक काळी एकचा, गायिका काळी चारची, मध्ये अर्धा मिनिटसुद्धा मिळत नाही.

मग तारा. फोनचं एकुलतं एक भोक कीबोर्डनं अडवलं तर आवाज कुठून काढणार? हेडफोनची पिन नसेल तर हब (एका भोकाची अनेक भोकं करणारा) आणि छोटा ऑडिओ इंटरफेस (फोनमधला आवाज बाहेर काढणारा डबा) लागेल. ब्लूटूथवर स्टेजला जाऊ नका, बोट पडल्यानंतर सूर येतो. लॅपटॉपवर बफर (आवाज ज्या तुकड्यांत पुढं जातो त्याचा आकार) १२८ सॅम्पल ठेवला तर त्यापोटी साधारण ३ मिलिसेकंद जातात. चरचरलं तर २५६ करा. जनरेटरवर चार्जर लावताच घरघर येत असेल तर क्षणभर चार्जर काढून बघा. थांबली तर ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (वाद्य आणि मिक्सरच्या मधला घरघर तोडणारा डबा) मध्ये घाला. एका गावात अंधारात कुणाचा तरी पाय वायरीत अडकला आणि यूएसबीचं तोंडच सैल झालं. तेव्हापासून वायर स्टँडला एक वेढा देऊन टेपनं बांधतो, दुसरी वायर खिशात ठेवतो.

कीबोर्ड फोनचीच वीज खातो, आणि काही फोन ओटीजी लावल्यावर चार्ज होत नाहीत. म्हणून आदल्या दिवशी फोन विमान मोडवर टाका, सगळं जोडा आणि ठरलेल्या क्रमानं गाणी सलग दोन तास वाजवा. सुरुवातीला आणि शेवटी बॅटरीचा आकडा लिहून ठेवा. निम्म्याच्या खाली गेला तर वीज लागणारा हब घेतल्याशिवाय सुपारी धरू नका.