जुना लाकडी फ्लूट ऑनलाइन घेताना: सगळे तुकडे एकाच फ्लूटचे आहेत ना?

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लिश लाकडी फ्लूटचे बहुधा चार-पाच सुटे तुकडे असतात. इतक्या वर्षांत एखादा तडकतो, हरवतो आणि दुसऱ्याच फ्लूटचा तुकडा त्या जागी येतो. विकणाऱ्यालाही हे ठाऊक असेलच असं नाही. म्हणून जोडलेल्या फ्लूटच्या एका फोटोवर पैसे टाकू नका. तुकडे सुटे करून, दिवसाच्या उजेडात, सगळे एकाच फोटोत मागवा.

आधी शिक्का बघा. लंडनचे बरेच कारागीर एकाहून जास्त तुकड्यांवर नाव किंवा क्रमांक ठोकत. अक्षरांचं वळण किंवा क्रमांक वेगळा दिसला, तर सरळ विचारा.

मग सांध्यांवरची धातूची कडी. चांदी काळवंडते, जर्मन सिल्व्हरवर (तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू) पिवळट-हिरवट झाक येते. तीन कडी एका तऱ्हेची आणि चौथं वेगळं, तर तो तुकडा बाहेरचा असू शकतो. लाकडाच्या रंगावर मात्र फार विसंबू नका. तोंडाकडचा तुकडा श्वासाने आणि हाताळण्याने वेगळा पडतो. शेवटच्या तुकड्यावरच्या चाव्यांचा (भोकं झाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांचा) आकारही पुष्कळदा मुळातच निराळा असतो.

खरी कसोटी आतल्या पोकळीची. तोंडाकडच्या तुकड्यात ती साधारण सरळ असते आणि त्याच्या खाली निमुळती होत जाते. मधल्या दोन तुकड्यांचा जिथे सांधा आहे, तिथला दोन्हीकडचा आतला व्यास डिजिटल कॅलिपरने मोजून मागा. तिथे ठळक पायरी निघाली, तर सूर जुळणं कठीण.