गोदाकाठच्या शाळेत समुद्राचा तास

नांदेड-गंगाखेडकडच्या पोरांना समुद्र लांबचा वाटतो. पण गोदावरीत टाकलेली पुडी वाहत बंगालच्या उपसागराकडेच निघते. म्हणून सुरुवात घाटावरून करा.

उन्हाळ्याच्या तोंडाशी, पाणी उतरल्यावर जा. पावसाळ्यात नकोच, वर जायकवाडीचे दरवाजे उघडले की पाणी चढतं. काठालगत १० मीटर लांब, २ मीटर रुंद पट्टा सुतळीनं आखा. पाच पोरांचा गट, सगळ्यांना हातमोजे, गटाला एक पोतं नि एक वही. काचा, सुया मोठ्यांनीच उचलायच्या.

कचरा आधी वाळवा, मग तोला. चिखलासकट तोलला तर वजन भलतंच फुगतं. इथंच बहुतेकांचं चुकतं. गुटख्याच्या पुड्या, पिशव्या, तंगूस जाळ्याचे तुकडे वेगवेगळे मोजा. तंगूस नायलॉनचं, कुजत नाही. फेकून दिलं तरी त्यात मासे अडकतच राहतात. हे गुरुजींपेक्षा गावातल्या मासेमार काकांनी सांगितलेलं लवकर पटतं.

समुद्राच्या पाण्याची चव दाखवायला लिटरभर पिण्याच्या पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवा. थेंबभरच चाखू द्या. त्यात अंडं तरंगवून दाखवायच्या फंदात पडू नका, एवढ्या मिठात ताजं अंडं बुडतंच.

महिन्यानं तोच पट्टा पुन्हा मोजा.