कारखान्यातली माणसं बघायची कशी: माकडांच्या अभ्यासकांची वही

टांझानियातल्या गोंबेच्या जंगलात माइक नावाचा चिंपांझी होता. कळपात त्याला फारसा मान नव्हता. चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडाल यांच्या तळावर रॉकेलचे रिकामे डबे पडलेले असत. ते आपटत, ढकलत, खडखडाट करत तो इतर नरांच्या अंगावर धावून जाऊ लागला आणि १९६४च्या सुमारास कळपाचा म्होरक्या झाला. प्रत्येक कारखान्यात असा डबे वाजवणारा एक तरी असतोच. अडचण अशी की सुपरवायझरच्या डोक्यात पाळीचं जे चित्र असतं, ते बहुतेक वेळा त्याच्याच आवाजावर बेतलेलं असतं. दुपारभर गप्प राहून शेजारच्या मागाची तुटलेली तार, म्हणजे सुताचा धागा, जोडून देणारा त्या चित्रात कुठंच नसतो.

माकडांच्या अभ्यासकांनाही हीच अडचण होती. दिसेल ते टिपलं की वही मारामाऱ्यांनी आणि मोठ्या नरांनी भरायची. बबूनवर काम करणाऱ्या जीन आल्टमन यांनी १९७४ साली निरीक्षणाच्या पद्धतींवर जो लेख लिहिला, त्यात यावरचे उपाय नीट मांडले आहेत. ठरावीक अंतरानं फेरी मारायची आणि प्रत्येकाची त्या क्षणाची नोंद घ्यायची, हा त्यातला एक. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या वीस-पंचवीस माणसांच्या यंत्रमाग किंवा टॉवेल शिलाईच्या कारखान्यात तो जसाच्या तसा चालतो.

आधी एक पथ्य. ‘माकड’ हा शब्द कामगारांसमोर काढायचा नाही. शनिवारी मारुतीला तेल वाहणारा माणूसही स्वतःला माकड म्हटलेलं ऐकून घेत नाही. वही कशासाठी आहे ते मात्र पहिल्याच दिवशी पाळी सुरू होताना सगळ्यांना सांगायचं: कोणाला कोणाची मदत होते ते टिपतोय, पगाराशी याचा संबंध नाही. मराठीत सांगाल तसंच तेलुगू आणि कन्नडमध्येही सांगा. एकाच भाषेत सांगितलं तर दुसऱ्या ओळीत दुपारपर्यंत ‘माणसं कमी करणार आहेत’ अशी बातमी पोचते.

वही अशी आखा

शंभर पानी आडवी वही घ्या. पाच रकाने: वेळ, जागा, कोण, काय करतोय, हाताच्या अंतरावर कोण आहे. ‘काय’च्या रकान्यात फक्त खुणा लिहायच्या. का म्हणजे काम, थां म्हणजे माग किंवा मशीन थांबलंय, म म्हणजे दुसऱ्याला मदत, बो म्हणजे बोलणं, भां म्हणजे भांडण, ए म्हणजे कामाविना एकटा. यापेक्षा जास्त खुणा ठेवल्या की तिसऱ्या दिवशी गोंधळ होतो.

दर पंधरा मिनिटांनी एक फेरी. सकाळी दोन तास, दुपारी दोन तास, म्हणजे दिवसाला सोळा फेऱ्या. सहा दिवसांत शहाण्णव होतात, आणि बावीस माणसं असतील तर २,११२ नोंदी हाताशी येतात. एक फेरी तीन मिनिटांत संपली पाहिजे. माणूस नजरेला पडला त्या क्षणी तो जे करत होता तेच लिहायचं, थांबून वाट बघायची नाही. फेरी दर वेळी वेगळ्या टोकापासून सुरू करा. रोज दारापासून सुरुवात केली तर मागच्या ओळीला तुम्ही येताय हे दोन मिनिटं आधी कळतं, आणि त्या ओळीत सगळे कायम ‘का’च दिसतात.

वहीत ‘आळशी’, ‘चिडखोर’ असले शब्द नकोत. ‘माग बंद, कांडीच्या पेटीजवळ उभा’ असं लिहा (कांडी म्हणजे आडव्या धाग्याची गुंडाळी). कारण नंतर शोधता येतं. तो कांडी संपली म्हणून उभा असेल, तर दोष कांडी भरणाऱ्या मशीनचा.

हे सहा दिवस मोजण्याआधीच्या पहिल्या तीन दिवसांच्या नोंदी हिशेबात धरू नका. जंगलातल्या चिंपांझींना माणसाची सवय व्हायला महिनोन्महिने लागतात. कारखान्यातली माणसं तीन दिवसांत कंटाळून तुमच्याकडे बघायचं सोडतात. मागांच्या खडखडाटात बोलणं जवळजवळ नसतंच. तिथं हातवारे, भुवया आणि खांद्यावरची थाप हेच बोलणं, तेव्हा ‘बो’मध्ये तेही धरायचं. आणि ‘म’कडे बारीक लक्ष ठेवा. शेजारी पाणी प्यायला गेलाय, त्याच्या मागाची तार तुटली, बाजूच्यानं स्वतःचा माग चालू ठेवून डाव्या बाजूला वाकून गाठ मारली आणि दांडा ओढून माग सुरू केला. हे वीस सेकंदांत संपतं आणि कोणाच्याही हजेरीत येत नाही. माकडं एकमेकांच्या अंगातल्या उवा काढतात त्याचंच हे कारखान्यातलं रूप. आज मी तुझं केलं, परवा तू माझं करशील.

वहीतून काय काढायचं

आठवड्याच्या शेवटी एक मोठा चौकोन आखा. उभ्या बाजूला सगळी नावं, आडव्या बाजूला तीच नावं. कोणी कोणाला मदत केली त्याच्या रेघा त्या त्या घरात मारत जा. ज्या नावाच्या रेघा दोन वेगळ्या गटांत पडतात, म्हणजे मागावरच्या तेलुगू बोलणाऱ्यांतही आणि शिलाईवरच्या मराठी-कन्नड बोलणाऱ्या बायकांतही, ते नाव लाल शाईनं गोल करा. कारखाना त्या माणसावर उभा असतो.

जेसिका फ्लॅक आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत ८४ पिगटेल मॅकाक माकडांच्या कळपावर हे तपासलं. त्यांचा निबंध २००६ साली आला. भांडणात कोणाचीही बाजू न घेता मध्ये पडणारी थोडीच माकडं त्या कळपात होती. त्यांना काही वेळापुरतं बाजूला काढलं की भांडणं वाढली, आणि उरलेली माकडं मोजक्याच जोडीदारांपुरती आकसली. म्हणून लाल गोलातल्या माणसाला रात्रपाळीत टाकण्याआधी दोनदा विचार करा. त्याला मुकादम करण्याआधी तर तीनदा. मध्यस्थाचं ऐकलं जातं ते दोन्ही बाजू त्याला मानतात म्हणून. तो ‘मालकाचा माणूस’ झाला की तेच शब्द चुगली ठरतात.

काकडी आणि द्राक्ष

सारा ब्रॉस्नन आणि फ्रान्स द वाल यांचा २००३ सालचा प्रयोग अनेकांनी ऐकलेला असतो. कॅपुचिन माकडं टोकन देऊन काकडीचा तुकडा घेत. शेजारच्या माकडाला त्याच कामाचं द्राक्ष मिळालेलं दिसलं की काकडी नाकारण्याचं प्रमाण वाढायचं. पुढं इतरांनी केलेल्या काही प्रयोगांत तसं उत्तर आलं नाही, म्हणून माकडांच्या न्यायबुद्धीवर भाषण देऊ नका. पण नजर कुठं वळवायची ते यातून कळतं.

पीसरेटच्या, म्हणजे नगावर मजुरी देणाऱ्या कारखान्यात काकडी म्हणजे खराब सूत. दर दोघांना सारखाच, पण एकाच्या बीमवर (मागावरच्या उभ्या धाग्यांच्या रुळावर) तासाला तीनदा तार तुटते आणि दुसऱ्याच्या एकदा. कागदावर समान, हातात कमी. खराब बीम कोणाला आला याची तारीखवार यादी फळ्यावर लावा आणि तो आळीपाळीनं फिरवा. फिरवणं जमणार नसेल तर त्या बीमपुरता दर वाढवून तोही फळ्यावरच लिहा. गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, आधी एकाला गुपचूप उचल दिली तर संध्याकाळच्या चहापर्यंत ती सगळ्यांना कळलेली असते. उचल द्यायचीच असेल तर नियम आधी लिहा: किती महिन्यांच्या कामानंतर, जास्तीत जास्त किती, किती हप्त्यांत वळती.

भांडण झाल्यावर

नेदरलँड्समधल्या अर्नहेमच्या प्राणिसंग्रहालयात द वाल आणि व्हान रोसमालेन यांनी नोंदवलं (१९७९) की भांडलेले चिंपांझी नंतर एकमेकांना शोधून जवळ येतात, मिठी मारतात, चुंबन घेतात. आपल्याकडं मात्र भांडण झालं की सुपरवायझर दोघांना दोन पाळ्यांत टाकतो. त्यानं आवाज थांबतो, पण जवळ येण्याची वाटही बंद होते.

हात उगारला गेला असेल तर आधी दोघांना दोन टोकांना न्या, दहा-पंधरा मिनिटं, पाणी द्या. न्याय लगेच करू नका. मग त्याच दिवशी, पाळी संपायच्या आत, दोघांशिवाय होत नाही असं काम त्यांच्याकडं द्या. सोलापुरात असं काम शोधावं लागत नाही. डबल चादरीची घडी घालायला दोन टोकांना दोन माणसं लागतात. कोपरे जुळवताना चार पावलं पुढं यावंच लागतं, हाताला हात लागतोच, आणि तोंडानं काही बोलावं लागत नाही. सगळ्यांसमोर ‘माफी माग’ म्हणणं टाळा. बघ्यांपुढं मागितलेल्या माफीचं दुसरं भांडण होतं.

याहून मोठं काम भांडणाआधीच करता येतं. कॉर्ड्स आणि थर्नहीर यांनी १९९३ साली लांबशेपट्या मॅकाक माकडांच्या जोड्यांना खाऊ दोघांनी मिळूनच मिळवता येईल अशी सवय लावली. त्यानंतर त्या जोड्यांतल्या भांडणांनंतर समेटाचं प्रमाण सुमारे तिपटीनं वाढलं. चौकोनात ज्या दोन नावांमध्ये एकही रेघ नाही, त्यांना आठवड्यातून दोनदा घडी घालायला किंवा मालाचे गठ्ठे बांधायला एकत्र लावा. रोज लावलं तर शिक्षा वाटते.

भांडणांची जागाही लिहा. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १९२५ साली शंभरच्या आसपास हमाद्रियास बबून एका लहान कृत्रिम डोंगरावर ठेवले. बहुतेक सगळे नर. प्राणघातक मारामाऱ्या झाल्या, आणि बबूनचा स्वभावच असा, असं बरीच वर्षं मानलं गेलं. चूक कोंडण्यात होती. तुमच्या वहीतली निम्मी ‘भां’ एकाच माठाशी किंवा एकाच पंख्याखाली पडत असतील तर माणसांना समजवत बसू नका. सोलापूरच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. दुसऱ्या टोकाला दुसरा माठ ठेवा, पंखा लावा आणि पुन्हा मोजा.

नवं मशीन आलं की

जपानच्या कोशिमा बेटावर १९५३ साली इमो नावाच्या दीड वर्षाच्या माकडिणीनं रताळं पाण्यात धुऊन खायला सुरुवात केली. तिच्या बरोबरीची पोरं शिकली, तिची आई शिकली. मोठे नर बहुतेक तसेच राहिले. नवं ओव्हरलॉक मशीन किंवा मोबाइलवरची हजेरी आधी दोन नव्या मुलींना शिकवा. जुन्या कारागिराला मात्र आधी सांगून ठेवा, आणि पाळी संपल्यावर, कोणी बघत नसताना, अर्धा तास मशीनवर बसवा. माकडं एकमेकांना शिकवत बसत नाहीत, माणसं शिकवतात, एवढा फायदा सोडू नका.

बदल एका वेळी एकच करा. सहा आठवड्यांनी त्याच तासांना, तितक्याच फेऱ्यांची दुसरी वही भरा. गड्डा, दिवाळी किंवा लग्नसराईचा आठवडा धरू नका, तेव्हा निम्मी माणसं गावाला असतात. दोन्ही चौकोन शेजारी ठेवून ‘म’ आणि ‘भां’ मोजा, आकडे वेगळ्या कागदावर उतरवा आणि नावांची पानं फाडून टाका.