अल्बमचं मास्टरिंग: आकडे जुळवले, तरी गाणी जुळेनात? या चुका टाळा

आषाढी तोंडावर आली की माझ्याकडे अभंगांचे अल्बम मास्टरिंगला येतात, म्हणजे तयार गाण्यांचे आवाज एकमेकांशी जुळवून शेवटचा हात फिरवायला. आठ अभंग, त्यातले दोन मंदिराच्या सभामंडपात रेकॉर्ड केलेले, बाकीचे कुणाच्या तरी माडीवर. चादरीत दोन लॉटचं सूत आलं की पट्टा लगेच उठून दिसतो, हे सोलापुरात कुणाला सांगावं लागत नाही. इथंही तसंच. चौथा अभंग लागला की ऐकणाऱ्याचा हात आवाजाच्या बटणाकडे जातो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे प्रत्येक गाणं वेगवेगळं उणे १४ एलयूएफएसवर (कानाला आवाज किती मोठा वाटतो, ते मोजायचं एकक) नेणं. मीही सुरुवातीला हेच केलं. टाळ-पखवाजाचा गजर उणे १४ वर, नुसत्या एकतारीवरचा अभंगही उणे १४ वर. मीटर खूश! पण एकतारीच्या अभंगात बुवा एकदम कानाशी येऊन गायला लागले. मीटर सगळ्या वाद्यांसकट सरासरी मोजतं, कान मात्र गळा धरून बसतो. म्हणून आधी सगळ्यात भरगच्च गाणं पक्कं करा, मग बाकीच्या गाण्यांतला गायकाचा आवाज त्याच्याशी जुळवा. एका गाण्याच्या ध्रुवपदावरून थेट दुसऱ्याच्या ध्रुवपदावर उडी मारून ऐका. शांत अभंग उणे १८ वर राहिला तर राहू द्या. स्पॉटिफायवर अल्बम सलग लावला तर सगळ्या गाण्यांचा आवाज सारख्याच मापाने वर-खाली होतो, तुम्ही ठेवलेला फरक टिकतो.

टाळ टोचतात म्हणून मास्टरमध्ये इक्यूने (खालचे-वरचे सूर कमी-जास्त करणारं साधन) वरचे सूर कापू नका, शब्दांची धारही जाते. मिक्समध्ये, म्हणजे सगळी वाद्यं आणि गळा एकत्र बसवतात त्या आधीच्या टप्प्यावर, परत जाऊन टाळच खाली घ्या. मिक्स मागवताना लिमिटर (आवाजाची उंच टोकं दाबणारं साधन) काढूनच मागवा. एकदा चपटी झालेली लाट पुन्हा उभी राहत नाही.

आता खोली. सोलापूरच्या पूर्वभागात शेजारी यंत्रमाग चालू असताना मी पखवाजाचा घुमारा ठरवायचो. त्या घरघरीत खालचे सूर बुडतात, म्हणून हात आपोआप बास वाढवतो, आणि सकाळी गाडीत ऐकलं की दारं थरथरतात. पंख्याच्या आवाजात गाण्याच्या शेवटची विरत जाणारी आसही ऐकू येत नाही. मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना पंखा बंद करणं म्हणजे शिक्षाच, पण तेवढा अर्धा तास सोसा.

किरकोळ बाबी: काही गाण्यांचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले ते) ४८ किलोहर्ट्झ, काहींचा ४४.१ असेल तर शेवटी सगळी एकाच दरावर आणा. ट्रू पीक, म्हणजे आवाजाच्या लाटेचं खरं सर्वांत उंच टोक, उणे १ डेसिबलच्या वर नको. दोन गाण्यांमध्ये सरसकट दोन सेकंदांची शांतता टाकू नका, गजरानंतर जरा जास्त लागते.

मग पंढरपूरला निघा. सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरच्या वाटेत अल्बम सहज संपतो. बटणाला हात लावायचा नाही. गेलाच, तर कितव्या अभंगाला गेला ते लिहून ठेवायला शेजारी कुणाला तरी बसवा.