वाळवंटी उन्हात परसातल्या कोंबड्या: शेजारपाजारचा गट कसा जमवावा

वाळवंटात परसातल्या कोंबडीला खरा धोका असतो तो दुपारी दोन ते पाच या वेळात. पाळणारा माणूस बहुतेक त्याच वेळी कामावर असतो. माझ्या पाच कोंबड्या एका दुपारी गेल्या. भांडं पाण्याने भरलेलं होतं, पण सावली सरकली आणि भांडं उन्हात आलं. संध्याकाळी मी त्यात बोट घातलं तर चटकन मागे घ्यावं लागलं. असं तापलेलं पाणी कोंबडी पीत नाही, तहानलेली तशीच उभी राहते. आमच्यापासून तीन घरं सोडून एक बाई कोंबड्या पाळतात, हे मला त्यानंतर महिन्याभराने कळलं. त्या दिवशी त्या दुपारभर घरीच होत्या.

दूरच्या शंभर जाणकारांपेक्षा चालत येऊ शकणारी चार माणसं इथे जास्त उपयोगी पडतात, हे मला तेव्हा पटलं. अशी माणसं कशी गाठायची आणि त्यांच्याबरोबर काय काय करायचं, ते इथे क्रमाने सांगते.

आधी माणसं शोधा

उन्हाच्या प्रदेशात खुराडी भिंतीआड असतात, रस्त्यावरून दिसत नाहीत. म्हणून कानाने शोधा. सलग तीन-चार दिवस पहाटे फटफटायच्या आधी बाहेर पडा आणि कोंबडा कुठे आरवतो ते ऐका. फक्त माद्या पाळणारी घरं यात सुटतात. त्यासाठी कोंबडीखाद्य विकणाऱ्याला आणि जनावरांच्या डॉक्टरांना सांगून ठेवा की कोणी परसात कोंबड्या पाळत असेल तर माझा नंबर द्या. दुसऱ्याचा नंबर मागू नका, आपला देऊन या. लोक त्याने लवकर मोकळे होतात.

सुरुवातीला चार ते सहा घरं पुरेत, पण ती पायी दहा मिनिटांच्या आत असावीत. गट मोठा करायची घाई नको. पन्नास जण जमले आणि त्यातलं कोणीच भर उन्हात येऊ शकत नसेल, तर गप्पा होतील, कोंबडी वाचणार नाही.

पहिली बैठक

सूर्य मावळल्यावर भेटा. जागा कोणाच्याही खुराड्यापासून लांब असू द्या, आणि कोणीही पक्षी बरोबर आणू नये. एका घरचा रोग दुसऱ्या घरी जाऊ नये म्हणून खुराड्यात वापरायच्या चपला घरीच ठेवून यायचं, हा नियम पहिल्याच दिवशी ठरवा. नंतर सांगितलं तर माणसाला वाटतं की आपल्यावर संशय घेतला जातोय.

या बैठकीत सगळ्यांना एकच काम द्या. प्रत्येकाने साधा थर्मामीटर खुराड्यात कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर टांगायचा आणि आठवडाभर दुपारी तीनचं तापमान वहीत लिहायचं. घरी कोणी नसेल तर दिवसाचं कमाल तापमान धरून ठेवणारा थर्मामीटर घ्यावा. आमच्या एकाच गल्लीत दोन खुराड्यांमध्ये पाच अंशांचा फरक निघाला. एकाचा पत्रा बुटका होता आणि पश्चिमेची भिंत दिवसभर तापून संध्याकाळपर्यंत आत आग ओकत होती. दुसऱ्याचं खुराडं झाडाखाली होतं आणि पत्र्याला पांढरा चुना फासला होता. वह्या शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

उन्हाचं गणित सगळ्यांना कळू द्या

कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचं तापमान मुळातच ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असतं. हवा तिशीच्या वर चढली की ती पंख अंगापासून दूर धरते आणि चोच उघडून धापा टाकू लागते. तुऱ्यातून आणि गळ्याखालच्या लोंबत्या लाल कातडीतून ती उष्णता बाहेर टाकते. म्हणून मोठ्या तुऱ्याच्या, हलक्या अंगाच्या जाती इथे तगतात आणि पायांपर्यंत पिसं असलेल्या ब्रह्मा, कोचीनसारख्या जड जाती हैराण होतात. सतत धापा टाकल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे कवच तयार व्हायला लागणारं कॅल्शियम नीट वापरता येत नाही आणि अंडी पातळ कवचाची येतात. गटात कोणी म्हणालं की अंडी हातात फुटतायत, तर खाद्याला दोष देण्याआधी त्याची तापमानाची वही बघा.

थंड मुलखात पाळणाऱ्यांचे सल्ले इथे जसेच्या तसे घेऊ नका. खाली जाड गादीसारखा भुसा अंथरा, खुराडं बंदिस्त ठेवा, हे त्यांना ठीक आहे. आपल्या कोरड्या हवेत ओलं गोणपाट हे मोठं वरदान आहे. वारा ज्या बाजूने येतो तिथे ते टांगून भिजवत राहिलं, की आत येणारी हवा चांगली गार होते. मात्र पावसाची सर येऊन हवा दमट झाली की हीच युक्ती उलटते. अशा दिवशी पाणी शिंपडणं थांबवायचं, पंखा चालवायचा आणि बाजू मोकळ्या करायच्या.

दुपारची पाळी बसवा

गट जमवायचा तो मुख्यतः यासाठी. दुपारी कोण घरी असतं, कोणत्या वारी असतं, हे लिहून काढा. ४० अंशांच्या पुढे जाणाऱ्या दिवसांत त्या माणसाने एकदा फेरी मारायची.

प्रत्येक खुराड्याच्या दारावर एक कागद लावा: कोंबड्या किती, पाण्याची भांडी किती आणि कुठे, नळ कुठे, पंख्याचं बटण कुठे, मालकाचा नंबर कोणता. दाराची जादा चावी शेजाऱ्याकडे. ‘कोंबड्या किती’ हे सगळ्यात वर आणि मोठ्या अक्षरात लिहा, कारण उष्माघात झालेली कोंबडी कोपऱ्यात अंडी घालायच्या पेटीमागे जाऊन बसते आणि मोजल्याशिवाय लक्षात येत नाही.

फेरीवर गेलेल्याने आधी पाण्यात बोट घालून बघायचं. गरम लागलं तर ओतून द्यायचं. पाइपमध्ये उन्हात साठलेलं पाणी आधी वाहून जाऊ द्यायचं, त्याचा चटका बसण्याइतकं ते तापलेलं असतं. एरवी कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते, कडक उन्हात ते दुपटीहून जास्त होतं. म्हणून दोन भांडी, दोन्ही सावलीत आणि एकमेकांपासून लांब, म्हणजे एखादी दांडगी कोंबडी दोन्ही अडवून बसणार नाही. खाद्य सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर द्यावं. ते पचवताना अंगात उष्णता तयार होते, म्हणून दुपारी दाण्याचं भांडं काढून ठेवलेलं बरं.

एखादी कोंबडी मान टाकून, डोळे मिटून पडली असेल तर तिला आधी सावलीत आणि वाऱ्यावर न्या. तिचे पाय आणि पोटाखालचा भाग साध्या गार पाण्यात बुडवा, पंखांच्या आतली बाजू ओली करा. बर्फाचं पाणी नको. चोचीच्या टोकाशी थेंब थेंब पाणी लावा आणि ती गिळते का बघा. जबरदस्तीने तोंडात पाणी ओतलं तर ते श्वासनलिकेत जातं. ती सावध होऊन उभी राहीपर्यंत तिथून हलू नका. आणि परत निघण्याआधी बाकीच्या मोजा.

या फेरीसाठी प्रत्येक खुराड्याच्या दाराशी त्याच घरच्या चपला ठेवा. आत शिरताना त्या घालायच्या, निघताना तिथेच काढायच्या आणि हात धुवायचे.

लस एकाच पहाटे

एकट्याने पाळणाऱ्याची इथे मोठी कुचंबणा होते. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लस शंभर-दोनशे किंवा त्याहून जास्त मात्रांच्या कुपीत मिळते, आणि तुमच्याकडे असतात आठ कोंबड्या. एकदा कालवली की ती तास-दोन तासांत संपवावी लागते. उरलेली वाया जाते, म्हणून लोक लसच टाळतात. सहा घरांनी मिळून घेतली तर तीच कुपी सगळ्यांना पुरते.

ही लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. आपल्याकडे ती दुकानातून घरी येईपर्यंतच गाडीत मरू शकते, त्यामुळे आणायला जाताना बर्फाचा थर्मास बरोबर न्या. डॉक्टरांना विचारून दिवस ठरवा आणि पहाटे उजाडायच्या आत एका घरी कालवा. तिथे फक्त माणसांनी यायचं, पक्षी आपापल्या घरी राहतील. प्रत्येकाने आपला वाटा स्वच्छ ड्रॉपरच्या बाटलीत, बर्फात ठेवून न्यावा आणि लगेच डोळ्यात एक एक थेंब सोडावा. नळाच्या क्लोरीनच्या पाण्यात ही लस कधीही कालवू नका, तिच्याबरोबर मिळणारा द्रावच वापरा. आजारी किंवा धापा टाकणाऱ्या पक्ष्याला त्या दिवशी वगळा.

देवाणघेवाण जपून

ओळख वाढली की कोंबडा, तलंगा (तरुण माद्या), पिल्लं इकडची तिकडे जाऊ लागतात. जवळच्या नात्यातल्याच पक्ष्यांची पैदास होत राहू नये, यासाठी ते चांगलंच. पण आलेला पक्षी महिनाभर वेगळा ठेवा, आधी आपल्या कोंबड्यांचं दाणापाणी करा आणि मगच त्याच्याकडे जा.

कोरड्या प्रदेशात एका शत्रूबद्दल मी सगळ्यांना आवर्जून सांगते. मऊ पाठीची कोंबड्यांची गोचीड दिवसा लाकडाच्या फटीत लपते, रात्री बाहेर येऊन रक्त पिते आणि उजाडायच्या आत परत जाते. अन्नाशिवाय ती वर्षाहूनही जास्त जगते, म्हणून खुराडं रिकामं ठेवून ती जात नाही. दिवसा कोंबडी तपासली तर बहुधा काही सापडत नाही. फक्त कोंबड्या फिकट पडलेल्या आणि रात्री दांडीवर बसायला कचरणाऱ्या दिसतात. रात्री दहानंतर टॉर्च घेऊन दांडीची खालची बाजू आणि सांधे बघा. तिची पिल्लं मात्र पक्ष्याच्या अंगाला काही दिवस चिकटून राहतात आणि त्याच्याबरोबर नव्या घरी पोचतात. नवीन पक्षी आला की पंखाखाली पिसं फुंकून बघा. लाकडी पेट्या आणि दांड्या कोणाला उसन्या देऊ नका, कोणाच्या घेऊ नका. धुता येणारा प्लास्टिकचा क्रेट गटासाठी एक घ्या, तो पुष्कळ झाला.

आजार लपवला जाऊ नये

आमच्या गटात यालाच सगळ्यात जास्त वेळ लागला. कोंबड्या मेल्या की माणूस गप्प बसतो, लोक काय म्हणतील म्हणून. म्हणून आधीच ठरवून टाका: उन्हाचं कारण दिसत नसताना दोन दिवसांत दोन कोंबड्या गेल्या, किंवा मान वळणं, लंगडणं, हिरवी हगवण, तोंड सुजणं असं काही दिसलं, की त्याच दिवशी सगळ्यांना कळवायचं. त्या क्षणापासून एकमेकांच्या खुराड्यात जाणं बंद, पक्षी आणि अंडी देणं बंद, आणि डॉक्टरांना फोन. बर्ड फ्लूसारख्या रोगात सरकारी यंत्रणेला कळवणं बंधनकारक असतं, तेही डॉक्टरच सांगतील. कळवणाऱ्याला पहिला फोन धीराचा जायला हवा. ‘तू काय केलंस?’ असं एकाने जरी विचारलं, तरी पुढच्या वेळी कोणी सांगणार नाही.

उबवणीची अंडी

कडक उन्हाळ्यात नर कोंबड्याची प्रजननक्षमता घटते, तेव्हा हे काम थंडीच्या दिवसांसाठी राखून ठेवा. उष्णता सोसणारी जात हवी असेल तर इजिप्तमधली फयूमी किंवा उघड्या मानेच्या कोंबड्या कोणाकडे आहेत का ते विचारा.

अंडी पहाटे गोळा करा, १५ ते १८ अंशांच्या जागी ठेवा आणि आठवड्याच्या आत उबवायला बसवा. तापलेल्या खोलीत राहिलेल्या अंड्यात गर्भ अर्धवट वाढू लागतो आणि मरतो. एकाच्या घरी खुडूक कोंबडी आणि दुसऱ्याच्या घरी चांगली अंडी, हा गटातला सर्वांत सुखाचा व्यवहार. उबवणयंत्र वापरत असाल तर कोरड्या हवेने अंड्यातलं पाणी प्रमाणाबाहेर उडतं. पहिले अठरा दिवस आर्द्रता ४५ ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के ठेवा. त्या शेवटच्या तीन दिवसांत झाकण उघडू नका, मग शेजारची मुलं बघायला आली तरी. एकविसाव्या दिवशी आतून चिवचिव ऐकू आली, की त्यांना बोलवा.