गावातून अपडाऊन करत बीए करायचं असंल तर

बारावीनंतर बीएला ॲडमिशन घेतली की आपल्याइकडे पहिला प्रश्न पानठेल्यावर येतो, "काऊन बे, सायन्सले नंबर नाही लागला का?" दुसरा प्रश्न, "मंग एमपीएससी करतं का?" दोन्हीला नुसती मान हलवायची आन पुढं जायचं, कारण पहिल्या महिन्यात करायची कामं लय आहेत आणि ती कोणी सांगत नाही.

आधी विषय. मित्रानं घेतला म्हणून घेऊ नका, आणि तालुक्याच्या दुकानात ज्याचं गाईड मिळते तो सोपा असंही धरू नका. कॉलेजात जाऊन दोन गोष्टी पहा. एक, त्या विषयाले परमनंट सर-मॅडम आहेत का सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर. सीएचबीवाले बरेचदा जास्त जीव लावून शिकवतात, पण त्यांच्या ऑर्डरच उशिरा निघतात, मग जुलै-ऑगस्ट तसाच जाते. दोन, लायब्ररीत त्या विषयाचं कपाट पहा. मी राज्यशास्त्राचं पाहिलं तर अर्ध्या कपाटात एकाच पुस्तकाच्या कॉप्या, इतिहासाचं पाहिलं तर धूळ होती पण पुस्तकं खरी होती. इतिहास मेजर, म्हणजे मुख्य विषय, घेतला. मेजर नीट पाहूनच घ्या, कारण पुढं एमए, प्राध्यापक व्हायच्या सेट, नेट परीक्षा, सगळं बहुतेक त्याच रस्त्यानं जाते.

विद्यापीठ मोठं आहे हे डोक्यात ठेवा. अमरावती विद्यापीठ १९८३ चं, पाच जिल्हे त्याच्याखाली, अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशिम. नागपूरचं १९२३ चं, चंद्रपूर-गडचिरोलीवाल्यांसाठी २०११ पासून गोंडवाना. एवढ्या पसाऱ्यात तुमचा पेपर कोण काढते, कोण तपासते, तुम्हाला कधीच कळत नाही. तुमच्यात आणि त्या माणसात एकच गोष्ट कॉमन आहे, सिलॅबस. म्हणून विद्यापीठाच्या वेबसाईटवरून सिलॅबसची पीडीएफ काढा, झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट मारा आणि युनिटसमोर पेनानं लिहा की हे कोणत्या पुस्तकाच्या कोणत्या पानावर सापडलं. गाईडवर हे करून पाहिलं तं कळते की एक-दोन युनिट गाईडात नावापुरतेच आहेत. आन पेपरात हमखास तेच येतात.

उत्तर लिहायची आपली सवय म्हणजे सन पाठ, पानं भर. वऱ्हाडाचाच प्रश्न घ्या. "१८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांकडे गेला" एवढं सगळेच लिहितात. पण का गेला? निजामाले हैदराबाद कंटिंजंट, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या पण त्याच्याच पैशानं चालणाऱ्या फौजेचा खर्च देणं झेपत नव्हतं, थकबाकी वाढत गेली, म्हणून हा मुलूख इंग्रजांकडे सोपवावा लागला. १९०२ मध्ये त्याचा कायमचा पट्टा झाला. मधात १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध, तिकडचा कापूस बंद, मग इंग्लंडच्या गिरण्यांले आपला कापूस पाहिजे. यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला रेल्वे कायले टाकली होती तेही इथंच समजते, जिनिंगच्या गाठी मेन लाईनवर न्यायले. फौजेच्या खर्चापासून कापसाच्या गाठीपर्यंत अशी कडी जोडता आली की उत्तर चार ओळी कमी असलं तरी चालते.

आता अपडाऊन. एसटीच्या पासमध्ये विद्यार्थ्याले ६६.६७ टक्के सवलत आहे, कॉलेजचं बोनाफाईड लागते. आमच्या गावची मुक्कामी गाडी सकाळी लवकर निघायची, पहिला तास सुरू व्हायच्या दीड तास आधी मी कॉलेजच्या गेटवर. हा दीड तास स्टँडवर चहा पीत गेला तं तीन वर्षं तशीच जातात, माझं पहिलं वर्ष गेलंच. दुसऱ्या वर्षी शिपाईकाकांले विचारलं की लायब्ररीचा व्हरांडा उघडून द्याल का, ते म्हणाले आजवर कोणी विचारलंच नाही.

स्कॉलरशिपचं थोडक्यात. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या स्कॉलरशिप पोर्टलवर, फॉर्म लवकर भरा. बँक खातं आधारले नुसतं लिंक असून भागत नाही, सीडिंग लागते, म्हणजे सरकारी पैसा आधारवरून याच खात्यात यावा अशी नोंद, दोन्हीत फरक आहे, बँकेत "डीबीटीसाठी सीडिंग" असंच म्हणा. माझा फॉर्म क्लर्कच्या डेस्कवर तीन महिने पडून होता, कॉलेजात विचारलं की "वरून अडलंय" म्हणायचे. लॉगिन करून स्टेटसचा स्क्रीनशॉट नेऊन दाखवला तेव्हा दहा मिनिटांत पुढं गेला. बाहेर रूम करून राहत असाल तं पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, स्वाधार अशा योजना आहेत, तुम्ही कशात बसता ते विचारा.

पुस्तकं विकत घ्यायचे पैसे नसतातच. मोबाईलवर मराठी विश्वकोश फुकट आहे, जिल्ह्याचं गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, फुकट आहे, शोधगंगा या पीएचडी प्रबंधांच्या वेबसाईटवर विदर्भातल्या विषयांवरचे मराठी प्रबंधसुद्धा सापडतात. प्रबंध अख्खा वाचू नका, शेवटची संदर्भसूची पहा, कोणतं पुस्तक शोधायचं ते तिथं लिहून असते. इंग्रजीची भीती वाटते ना, रोज इंग्रजी गॅझेटिअरचं एक पान वाचा, गावांची नावं ओळखीची असल्यानं वाक्य आपोआप उलगडते.

नवीन शैक्षणिक धोरणात फिल्ड प्रोजेक्ट आला आहे, आणि इथं गावातलं पोरगं शहरातल्यापेक्षा पुढं असते, फक्त नेटवरून कॉपी मारायची नाही. कोलाम आदिवासींच्या पोडाजवळ, म्हणजे वस्तीजवळ, गाव असंल तं भाषेवर करा, कोलामी आणि गोंडी द्रविड कुळातल्या, मेळघाटातली कोरकू ऑस्ट्रो-आशियाई कुळातली, म्हणजे आपल्या विदर्भातच दोन भाषाकुळं! मी सोपं केलं, आबाजीले तिफणीचे, म्हणजे पेरणीच्या औजाराचे, भाग विचारले. ते म्हणाले, "लेका, हे शिकाले फी भरली का?" मग स्वतःच गोठ्यातून मोडकी तिफण ओढत आणली, हे चाडं, हे नळे, हे फण, आणि सरतं येगळं, ते मागून धरून बाई चालते. बाईवर थांबलो. पेरणीत बियाणं बाईच्या मुठीतून जाते आणि सातबाऱ्यावर तिचं नाव नाही, प्रोजेक्ट तिथूनच सुरू झाला. रेकॉर्डिंग करताना नाव, वय, तारीख आधी बोलून घ्या आणि विचारूनच रेकॉर्ड करा.

शेवटची अडचण हिवाळी परीक्षेची. पेपर आणि कापूस वेचणी बरोबर एकाच वेळी येते. मजूर मिळत नाही म्हणून घरचे थांबवतात, तेही खोटं बोलत नाहीत. टाईमटेबल आलं की त्याच दिवशी घरातल्या कॅलेंडरवर पेपरच्या तारखांवर लाल गोल करा, आणि दोन पेपरच्या मधातले कोणते दिवस वावरात येतो ते स्वतःहून सांगा. माझ्या आईनं त्या लाल गोलांच्या बाजूले मजुरांच्या रोजीचा हिशोब लिहायले सुरुवात केली, पण पेपरच्या दिवशी मले कधी हाक मारली नाही.