जुन्या नदी-बंधाऱ्याचा इतिहास कसा नोंदवावा : खोडशीच्या निमित्ताने

कराडच्या वरच्या अंगाला, कृष्णा-कोयनेचा संगम होण्यापूर्वी, खोडशी येथे कृष्णेवर ब्रिटिश अमदानीतला बंधारा आहे आणि त्याच्या डाव्या बाजूने निघालेला कृष्णा कालवा पुढे सांगली जिल्ह्यात जातो. अशा बांधकामाची नोंद करू इच्छिणाऱ्याने पहिली खूणगाठ बांधावी ती ही, की हा बंधारा पाणी साठवण्यासाठी नव्हे, तर नदीची पातळी उचलून ते कालव्यात वळवण्यासाठी आहे. म्हणून नुसत्या भिंतीचे वर्णन करून थांबल्यास अर्धीच नोंद होते. खरा वारसा कालव्याच्या काठाने मैलोन्‌मैल पसरलेला असतो.

पाहणीसाठी एप्रिल-मे महिना निवडावा आणि जलसंपदा विभागाच्या स्थानिक कार्यालयाची परवानगी आधीच घ्यावी. एका जुन्या बंधाऱ्यावर मी प्रथम ऑगस्टमध्ये गेलो होतो, तेव्हा फेसाखेरीज काहीही दिसले नाही. उन्हाळ्यातही माथ्यावरून चालू नये, कारण शेवाळलेला दगड कोरडा वाटला तरी पाय घसरतो.

दगडाजवळ बसून सांधे पाहावेत. चुन्याचा सांधा पांढुरका, किंचित दाणेदार असतो व त्यात वाळूचे खडे आणि क्वचित न विरघळलेल्या चुन्याच्या गाठी दिसतात. सिमेंटची दुरुस्ती राखाडी, एकसंध आणि बहुधा दगडाच्या कडेवर सांडलेली असते. दोन्हींच्या सीमारेषेचे मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे, म्हणजे दुरुस्ती कोठे कोठे झाली हे पुढच्या अभ्यासकालाही ताडून पाहता येते. नमुना म्हणून तुकडा मात्र काढू नये. कालव्याच्या तोंडाशी दारे कशी उचलली जातात, पातळी मोजण्याच्या खुणा फुटांत आहेत की मीटरमध्ये, हेही लिहावे.

कागदपत्रांकडे वळताना जिल्ह्याच्या नावाने फसू नये. साताऱ्याचे छत्रपतींचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाले. त्यानंतरच्या ब्रिटिश सातारा जिल्ह्यात वाळवा आणि तासगावही होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे आजच्या सांगलीतील अनेक गावांचे जुने उल्लेख सातारा जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटिअरमध्ये आणि पुणे-मुंबईच्या पुराभिलेखागारांत शोधावे लागतात. सांगली संस्थानच्या दप्तरात ते मिळतील ही अपेक्षा चुकीची आहे. पाणी देण्या-घेण्याचे नियम समजून घ्यायचे असल्यास १८७९ चा मुंबई पाटबंधारे अधिनियम हाताशी ठेवावा.

नदीचाही हिशेब मांडावा. कोयना खोडशीच्या खाली मिळत असल्याने कोयना धरणाचे पाणी या बंधाऱ्यापाशी पोहोचत नाही. वेण्णा, उरमोडी, तारळी या नद्या मात्र आधीच कृष्णेला मिळतात. वाईजवळचे धोम धरण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभे राहिले, म्हणजे त्यापूर्वी बंधाऱ्याची उन्हाळी मदार नदीच्या स्वतःच्या प्रवाहावरच होती. जुन्या माणसांना प्रश्न विचारताना हा फरक ध्यानात असावा, अन्यथा दोन वेगवेगळ्या काळांच्या आठवणी एकमेकींत मिसळतात.

आठवणींसाठी पाटकरी (कालव्याचे पाणी वाटून देणारा), निवृत्त कालवा कर्मचारी आणि टेलचे, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचे, शेतकरी या तिघांना वेगवेगळे भेटावे. ‘पूर्वी पाणी भरपूर होते का?’ असा ढोबळ प्रश्न निरुपयोगी ठरतो. त्याऐवजी पाळी कोणत्या क्रमाने यायची, रात्रीचे दारे कोण धरायचे (पिकाला पाणी कोण द्यायचे), आवर्तन म्हणजे कालव्याला ठरल्या वेळी पाणी सोडणे चुकले तर तक्रार कोणाकडे जायची, हे विचारावे. घरात पाणीपट्टीच्या पावत्या किंवा नमुना नंबर ७ चे जुने पाणी मागणी अर्ज असतील, तर त्यांचे जागेवरच छायाचित्र घेऊन मूळ कागद परत करावेत. माझ्या मते एका पावतीवरील पिकाचे नाव आणि आकारणी बंधाऱ्याच्या लांबी-रुंदीपेक्षा अधिक बोलकी असते.

शंभर वर्षांहून जुन्या सिंचन बांधकामांना आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोग वारसा म्हणून मान्यता देतो. सिंधुदुर्गातील धामापूर तलावाला ती २०२० मध्ये मिळाली. तसा प्रस्ताव करण्याचा विचार असेल, तर बांधकामाचे वर्ष, मूळ रचना आणि आजचा वापर यांचे पुरावे स्वतंत्र ठेवावेत. दोन कागदांत वर्ष वेगळे आढळल्यास एक बांधकामाच्या सुरुवातीचे आणि दुसरे कालव्यात पाणी सोडल्याचे असू शकते, म्हणून दोन्ही वर्षे आपापल्या आधारासह लिहावीत. नोंदवहीची एक प्रत गावच्या वाचनालयात द्यावी.